फळ्यावरची तारीख

सेतू केंद्राच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो: 'सर्व्हर डाऊन आहे.' जुलै संपत आलेला, पीकविम्याची मुदत डोक्यावर, अशा दिवसांत तालुक्याच्या गावी हा कागद हमखास दिसतो. बारा-पंधरा किलोमीटरवरून काळीपिवळीने आलेला कास्तकार तो वाचतो आणि निंबाच्या सावलीला जाऊन बसतो. कागद आज सकाळी लावला की परवाचाच राहून गेला, हे त्यावरून कळत नाही. कधी कधी सर्व्हर तासाभरापूर्वीच सुरू झालेला असतो. आतला मुलगा कामाला लागलेला असतो, कागद काढायचा राहून जातो, आणि बाहेर दहा माणसं उगाच बसून असतात.

त्याच गावात बाजार समितीच्या आवारात काळा फळा असतो. वरच्या कोपऱ्यात खडूने तारीख. खाली शेतमाल, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. जुना कास्तकार फळ्यासमोर उभा राहिला की त्याची नजर आधी तारखेवर जाते, मग भावावर. तारीख कालची असेल तर तो आकडे वाचून घेतो, पण त्यांच्या भरवशावर गाडी भरत नाही.

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या रीडमीत, म्हणजे प्रकल्प उघडला की आधी दिसणाऱ्या माहितीच्या पानावर, दुसऱ्यांच्या सेवांची 'लाइव्ह' स्थिती दाखवायची असेल, तर या फळ्याकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं. कारण रीडमीच्या डोक्यावर आज जे हिरवे बॅज, म्हणजे स्थिती सांगणाऱ्या छोट्या पट्ट्या, दिसतात, त्यांतले बरेचसे सेतूच्या कागदासारखे आहेत. रंग आहे, शब्द आहे, वेळ नाही.

मुळात हे दाखवायचं कशाला? समजा, हिंगणघाटकडच्या कुणीतरी कापूस, तूर, सोयाबीनचे भाव आणि पावसाचा अंदाज रोज सकाळी गावच्या गटावर पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. कोड खुला ठेवला, म्हणजे दर्यापूरचं, पुसदचं कुणीही ती उचलून आपल्या गावासाठी लावू शकतं. स्क्रिप्ट जेमतेम दोनशे ओळींची. पण तिला पाच परक्या गोष्टी लागतात: भाव देणारा सरकारी एपीआय (प्रोग्रॅमने विचारलं की माहिती देणारी सोय), हवामानाचा एपीआय, संदेश पोचवणारी सेवा, पायथन भाषेची तयार पॅकेजं जिथून उतरतात ते पायपीआय, आणि कोड जिथे ठेवलाय ते गिटहब. प्रत्येक सेवा महिन्यातला ९९.९ टक्के वेळ चालू राहिली, तरी ३० दिवसांत तिला ४३ मिनिटं बंद राहायला मुभा उरते. पाचही वेगवेगळ्या वेळी पडल्या तर आपली स्क्रिप्ट महिन्याला ३ तास ३६ मिनिटं अडून राहणार. हे सगळ्यांनी वचन पाळलं तरचं गणित आहे.

त्या साडेतीन तासांत पुसदच्या मुलाला वाटतं, चूक आपलीच. तो टोकन (सेवेत शिरायची गुप्त खूण) बदलतो, पायथन काढून पुन्हा टाकतो, चालू असलेली सेटिंग मोडून ठेवतो. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर सहा तासांच्या आसपास बंद होते. आपला नेटपॅक संपला असेल म्हणून फोन बंद-चालू करत बसलेल्यांना 'तुमचं काही चुकलेलं नाही' एवढं एक वाक्य हवं होतं. स्थितीच्या बॅजचं काम तेवढंच आहे: नवख्या माणसाने आपलं घर खणायला लागण्याआधी त्याला थांबवणं.

म्हणून प्रत्येक परक्या सेवेचा बॅज लावू नये. ज्या सेवेच्या बंद पडण्याने वाचणारा चुकीच्या जागी शोधायला लागेल, तेवढीच लावावी. वरच्या पाचांतून मी तीन ठेवीन: भाव, हवामान, संदेश. पायपीआय आणि गिटहब यांच्या स्टेटस पानांचे नुसते दुवे पुरेत. शिवाय गिटहब बंद असेल तर गिटहबवरचा रीडमी तरी कोण वाचणार?

आता माहिती आणायची कुठून, हा खरा प्रश्न. मोठ्या सेवांची स्वतःची स्टेटस पानं असतात, आणि त्यांतली बरीच अ‍ॅटलासियनच्या 'स्टेटसपेज' या तयार सोयीवर उभी आहेत. गिटहबचंही त्यावरच आहे. अशा पानाच्या पत्त्यापुढे 'एपीआय/व्ही२/स्टेटस डॉट जेसन' जोडलं की यंत्राला वाचता येईल असं, जेसन नावाच्या साच्यातलं उत्तर मिळतं. त्यात 'इंडिकेटर' नावाची एक नोंद असते आणि तिची किंमत चारांपैकी एक: नन, मायनर, मेजर, क्रिटिकल. घाईत लोक हीच उचलून बॅजला जोडतात आणि फसतात. कारण ही साऱ्या कंपनीची मिळून एक स्थिती आहे. गिटहबवर कोपायलट हा कोड सुचवणारा मदतनीस अडखळत असेल तर इंडिकेटर 'मायनर' होतो, आणि आपल्याला लागणारं 'एपीआय रिक्वेस्ट्स' ठणठणीत असतं. त्याऐवजी 'कंपोनंट्स डॉट जेसन' वाचावी. तिथे एकेका भागाची स्थिती वेगळी मिळते: ऑपरेशनल, डिग्रेडेड परफॉर्मन्स, पार्शल आउटेज, मेजर आउटेज, अंडर मेंटेनन्स. आपला भाग नावाने शोधू नये, त्याच्या आयडीने शोधावा. नावं बदलतात, आणि नाव बदललं की स्क्रिप्टला तो भाग सापडतच नाही.

पण स्टेटस पान म्हणजे सेवा देणाऱ्याचं म्हणणं. बिघाड झाला, कुणीतरी पाहिला, खात्री केली, मग पानावर टाकला, यात वेळ जातो. हे ओलिताच्या लाइनीसारखं आहे. उपकेंद्रात विचारलं तर उत्तर येतं, लाइन चालू आहे, आणि ते खरंही असतं. फिडर चालू असतो. पण आपल्या धुऱ्याजवळची डीपी जळालेली असेल तर मोटर फिरत नाही. म्हणून माणूस उपकेंद्राच्या आधी शेजारच्या वावरात फोन लावतो, 'भाऊ, लाइन हाये का तिकडं?' दोन्ही उत्तरं मिळाली की बिघाड कुठे आहे ते कळतं. बॅजही तसेच दोन असावेत. एक 'त्यांचं म्हणणं', दुसरा 'आपली तपासणी'. पहिला हिरवा आणि दुसरा लाल असेल तर अडचण मधल्या वाटेत आहे किंवा अजून तिकडे कुणाच्या लक्षात आलेली नाही. दोघांना एकत्र कालवून एकच रंग काढला की ही माहिती हातची जाते. छोट्या सेवांना आणि बऱ्याच सरकारी एपीआयना यंत्राला वाचता येईल असं स्टेटस पानच नसतं, तिथे तर आपली तपासणी हाच एक आधार.

ती तपासणी मुखपृष्ठ उघडून करू नये. शील्ड्स डॉट आयओ या बॅजची चित्रं काढून देणाऱ्या सेवेवर 'वेबसाइट' नावाचा तयार बॅज आहे, पत्ता दिला की उघडतो का ते सांगतो. दुकान उघडं आहे एवढं त्याने कळतं, माल आहे का ते कळत नाही. भावाचा एपीआय २०० हा यशाचा कोड देऊन 'सेवा तात्पुरती बंद आहे' असं पान पाठवू शकतो. २०० देऊन रिकामी यादी पाठवू शकतो. म्हणून खरी, पण छोटी मागणी करावी: एक बाजार, एक शेतमाल, एक नोंद. उत्तर दहा सेकंदांत आलं का, ते जेसन आहे का, त्यात भावाचा रकाना आहे का, आणि नोंदीची तारीख किती जुनी आहे, हे चारही पाहावं.

तारखेची मर्यादा ठरवताना आपला मुलूख डोळ्यांसमोर ठेवावा. एका दिवसाच्या वर जुनी नोंद म्हणजे बिघाड, असा नियम लिहिला की तो दर रविवारी लाल होतो. पोळ्याला बाजार बंद, नागपूर-वर्ध्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दिवाळीला सलग काही दिवस व्यवहार थांबतात. त्या काळात आकडा जुना असणारच, सेवा मात्र नीट चालू असते. चार दिवसांची मर्यादा ठेवावी, आणि तिच्या अलीकडे नुसती शेवटच्या नोंदीची तारीख दाखवावी. तिचं काय करायचं ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

एकदा अपयश आलं की लगेच लाल करू नये. लागोपाठ दोनदा आलं तर करावं. तपासणी दर १५ मिनिटांनी पुरते, दर मिनिटाला करण्यात अर्थ नाही. सार्वजनिक एपीआयवर आपल्यासारखे शंभर प्रकल्प मिनिटामिनिटाला आदळायला लागले तर तो आपल्यामुळेच थकेल. ४२९ हा कोड आला तर सेवा बंद नाही, आपण जास्त विचारतोय. त्याला लाल दाखवणं म्हणजे आपल्या चुकीचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणं.

तपासणी कुठून होते, यालाही महत्त्व आहे. बहुतेक जण गिटहब अ‍ॅक्शन्स वापरतात. ठरल्या वेळी कामं चालवणारी ही गिटहबचीच सोय. फुकट आहे, सोपं आहे. पण त्याची यंत्रं भारताबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये चालतात, आणि काही भारतीय संकेतस्थळं परदेशातून आलेली मागणी अडवतात. मग बॅज लाल आणि आर्वीत बसून तेच पान झकास उघडतं. अशा सेवेसाठी मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं छोटंसं व्हर्च्युअल मशीन (भाड्याचा कॉम्प्युटर) घ्यावं. गावातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही ही स्क्रिप्ट चालते, फक्त लाइन गेली की तीही जाते. आणि सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे.

शील्ड्सचा 'एंडपॉइंट' बॅज असा चालतो: आपण कुठेतरी एक छोटी जेसन फाइल ठेवायची. तिच्यात चार गोष्टी लिहायच्या. स्कीमाव्हर्जन, तो नेहमी १. लेबल, म्हणजे डावीकडचा शब्द, समजा 'भाव'. मेसेज, म्हणजे उजवीकडचा, 'चालू'. आणि कलर, 'ग्रीन'. तपासणारी स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी ही फाइल नव्याने लिहिते, शील्ड्स ती वाचतो आणि चित्र काढून देतो. आता तपासणारं यंत्रच बंद पडलं असं समजा. संध्याकाळी पाचला लाइन गेली. फाइलीत शेवटचं 'चालू, ग्रीन' तसंच राहिलं. सहा वाजता भावाची सेवा पडली. बॅज हिरवा. रात्रभर हिरवा. कुणी लक्ष दिलं नाही तर चार महिने हिरवा. काचेवरचा कागद निदान लोकांना बसवून ठेवतो. हा हिरवा बॅज त्यांना आपल्याच कोडमध्ये चूक शोधायला पाठवतो, म्हणून तो जास्त वाईट.

गिटहब अ‍ॅक्शन्सवरही हे घडतं, तिथे लाइन जायची गरजही नाही. वेळापत्रकावरचं काम तिथे पाच मिनिटांपेक्षा जवळ लावता येत नाही, गर्दीच्या वेळी ते उशिरा धावतं किंवा एखादी फेरी गळते. आणि सार्वजनिक रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या साठ्यात, ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर ते आपोआप थांबवलं जातं. प्रकल्प नीट चालतोय म्हणून कुणी हात लावला नाही, आणि नेमकी त्याच काळात तपासणी बंद पडली, असा हा प्रकार.

यावर उपाय दोन, आणि जमलं तर दोन्ही करावेत. पहिला फळ्याचा. मेसेजमध्येच वेळ लिहायची. नुसतं 'चालू' न लिहिता 'चालू, १४ ऑग. १६:४०'. स्क्रिप्ट मेली तरी फाइल खोटं बोलत नाही, कारण चौदा तारखेला ४ वाजून ४० मिनिटांनी सेवा खरंच चालू होती. वेळ भारतीय लिहावी. अ‍ॅक्शन्सचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते तसंच राहिलं तर सकाळी नऊला वाचणाऱ्याला पहाटे साडेतीनची वेळ दिसते आणि तो बॅज जुना समजून सोडून देतो.

दुसरा उपाय, वय वाचताना मोजायचं. फाइलीत तपासणीची वेळ ठेवायची, आणि शील्ड्सला ती फाइल थेट न देता मध्ये एक छोटं फंक्शन बसवायचं. क्लाउडफ्लेअर वर्कर्स या असं फंक्शन चालवणाऱ्या सेवेचा फुकटचा कोटा दिवसाला १ लाख मागण्यांचा आहे, गावाच्या प्रकल्पाला तो कधी संपणार नाही. फंक्शन आताची वेळ आणि फाइलीतली वेळ यांची वजाबाकी करतं. ४५ मिनिटांपर्यंत, म्हणजे तीन फेऱ्या चुकेपर्यंत, आहे तो रंग. त्यापुढे राखाडी, आणि मेसेज 'माहिती नाही'.

राखाडी रंगाची लोकांना उगाच लाज वाटते. आपला प्रकल्प अर्धवट दिसेल असं वाटतं. पण चालू, बंद आणि माहिती नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरीला हिरव्यात ढकलणं ही फसवणूक आहे. टाइमआउट झाला (वेळेत उत्तर आलं नाही), तपासणाऱ्याचं स्वतःचं नेट गेलं, जेसनचा आकार बदलला, या सगळ्यांना राखाडी. स्क्रिप्टने फेरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या पत्त्यावर मागणी करून आपलं नेट आहे का ते पाहावं. नसेल तर कुणालाही लाल करू नये.

फाइल ठेवायची कुठे? मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) ठेवली तर दिवसाला ९६ कमिट, म्हणजे बदलाच्या नोंदी, महिन्याला २,८८०. प्रकल्पाचा इतिहास त्याखाली गाडला जातो. वेगळी ब्रँच करावी, तिच्यात एकच कमिट ठेवून दर वेळी तोच सुधारून फोर्स पुश करावा, म्हणजे जुन्याच्या जागी नवा चढवावा. तिथून कच्ची फाइल वाचली तर ती पाच मिनिटं कॅश होते, म्हणजे जुनी प्रत धरून ठेवली जाते. शील्ड्सही उत्तर काही मिनिटं धरून ठेवतो. त्यापुढे गिटहब रीडमीतली चित्रं आपल्या 'कॅमो' नावाच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) दाखवतो, तिथेही कॅश. सगळं मिळून वाचणाऱ्याला दिसणारी स्थिती पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास जुनी असते. म्हणून मेसेजमधली वेळ हाच त्यातला सगळ्यात खरा भाग.

एक चूक फार दिसते. एपीआयला की, म्हणजे गुप्त किल्ली, लागते, आणि घाईत ती कीसकट पत्ता बॅजच्या यूआरएलमध्ये टाकला जातो. रीडमी सगळ्यांना दिसतो, म्हणजे कीही दिसते. की फक्त तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या सीक्रेटमध्ये (गुप्त सेटिंगमध्ये) राहावी, बाहेर नुसता निकाल यावा. चुकून टाकली असेल तर ओळ पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. की बदलावी लागते.

आणि ज्याची स्थिती दाखवायची त्याच्याच खांद्यावर फळा टांगू नये. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एस३ ही साठवणूक सेवा अमेरिकेतल्या एका विभागात काही तास बंद पडली. एका आज्ञेतला एक तपशील चुकीचा दिला गेला आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले. त्या वेळी कंपनीच्या स्वतःच्या स्थिती-फलकाचा कारभार एस३वरच अवलंबून होता. सुमारे दोन तास त्यांना फलकावरच्या सेवांची स्थिती बदलता आली नाही, ट्विटरवरून सांगावं लागलं. एवढ्या मोठ्यांचं हे झालं, तर आपण गिटहब पेजेसची (गिटहबच्या संकेतस्थळ-सेवेची) स्थिती गिटहब पेजेसवर ठेवण्याआधी दोन मिनिटं थांबलेलं बरं.

आता वाचणाऱ्याच्या बाजूने. त्याच्या हातात फोन आहे, धुऱ्यावर नेटची एक काडी आहे, चित्र उतरत नाही. अशा वेळी चित्राच्या जागी पर्यायी मजकूर दिसतो. तिथे 'भाव सेवा चालू' लिहून ठेवलेलं असतं, आणि चित्र न उतरलेल्या माणसाला ते कायमचं 'चालू' दिसत राहतं. तिथे 'भाव सेवेची स्थिती' एवढंच असावं आणि बॅजवर टिचकी मारली की सविस्तर पान उघडावं. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष बरेच असतात, तेव्हा शब्द हवाच, नुसता रंगाचा ठिपका नको. शब्द मराठीत जरूर ठेवावा. शील्ड्स अक्षरांची रुंदी व्हर्डाना फॉन्टच्या हिशेबाने मोजतो, त्यामुळे देवनागरी कधी दाबली जाते, कधी ताणली जाते. शब्द छोटा ठेवून साध्या फोनवर एकदा पाहून घ्यावा. साध्या बॅजचा मजकूर त्याच्या पत्त्यातच लिहितात; तिथे 'चालू' लिहिलं की ते एन्कोड होऊन (पत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलून) ३६ अक्षरांचं होतं, कारण आपल्या एकेका अक्षरचिन्हाला ९ लागतात. एंडपॉइंटच्या फाइलीत ही कटकट नाही.

गावाकडे दस्तऐवज बऱ्याचदा पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यात बॅज त्या क्षणाला गोठतो. पीडीएफ काढताना बॅज वगळावेत, जागेवर दुवा ठेवावा. दस्तऐवजाचं वेगळं संकेतस्थळ असेल तर चित्राची गरजच नाही. थोड्या जावास्क्रिप्टने फाइल वाचून '१२ मिनिटांपूर्वी तपासलं' असं ब्राउझरलाच मोजू द्यावं. रीडमीत जावास्क्रिप्ट चालत नाही, तिथे चित्राला पर्याय नाही.

बॅजच्या शेजारी काय करायचं तेही लिहिलेलं हवं. 'भाव बंद असेल तर स्क्रिप्ट काल साठवलेला भाव तारखेसह पाठवते, तुम्हाला काही करायचं नाही.' 'संदेश सेवा बंद असेल तर टोकन बदलू नका, मजकूर आउटबॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये आहे, हाताने पाठवा.' अशी दोन वाक्यं बॅजपेक्षा जास्त कामाची आहेत. ती लिहिता येत नसतील तर त्या सेवेचा बॅज बहुधा नकोच आहे.

मेलेले बॅज काढायची सवयही लावून घ्यावी. ट्रॅव्हिस सीआय या कोड तपासणाऱ्या सेवेचं जुनं डॉट ऑर्ग संकेतस्थळ जून २०२१मध्ये बंद झालं. अॅप चालवून देणाऱ्या हेरोकूची फुकट सेवा नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस संपली, तिच्यावर चालणाऱ्या कितीतरी छोट्या सेवा तिच्याबरोबर गेल्या. त्यांचे बॅज अजूनही जुन्या रीडमींत फुटक्या चित्रासारखे लोंबतात.

सगळं बसवून झालं की एक चाचणी करावी. तपासणाऱ्या यंत्राची पिन काढायची आणि दीड तासाने दुसऱ्याच कुणाच्या फोनवर रीडमी उघडायचा. बॅज राखाडी दिसला तर पिन परत लावावी. हिरवा दिसला तर वय मोजणारं फंक्शन आणि कॅशची मुदत तपासावी, आणि तोवर बॅज रीडमीतून काढून ठेवावा.